मेकपासून बॅझेलपर्यंत : सॉफ्टवेअरच्या बांधणीतील स्वरचित पायरीचा इतिहास

(१)

संगणकाची आज्ञावली माणूस ज्या रूपात लिहितो त्या रूपात ती बहुधा यंत्रावर चालत नाही. मूळ संहितेच्या, म्हणजे सोर्स कोडच्या, अनेक फायलींचे कंपायलरकडून यंत्रभाषेत रूपांतर करून घ्यावयाचे, त्या रूपांतरांचे तुकडे एकत्र जोडावयाचे, सोबतची चित्रे, कोष्टके व मदतीची पाने योग्य जागी ठेवावयाची आणि अखेरीस वापरणाऱ्याच्या हाती देता येईल अशी वस्तू सिद्ध करावयाची, या सर्व क्रियेस ‘बांधणी’ किंवा रूढ शब्दात ‘बिल्ड’ म्हणतात. ही बांधणी हाताने न करता नियमावलीनुसार आपोआप करवून घेणाऱ्या आज्ञावलीस बांधणी-यंत्रणा म्हणता येईल. अशा प्रत्येक यंत्रणेस काही कामे आरंभापासूनच ठाऊक असतात. परंतु खऱ्या प्रकल्पात एक तरी काम असे निघतेच की, जे यंत्रणेच्या कर्त्याने कल्पिलेले नसते. ते काम वापरणाऱ्याने स्वतः लिहून यंत्रणेत बसवावे लागते. प्रस्तुत लेखात अशा कामास ‘स्वरचित पायरी’ ही संज्ञा योजली आहे.

बांधणी-यंत्रणांचा इतिहास सामान्यतः एकीमागून एक आलेल्या यंत्रणांच्या नावांनी सांगितला जातो. स्वरचित पायरीच्या बाजूने पाहू गेल्यास त्याच इतिहासातून एक निराळे सूत्र हाती लागते. वापरणाऱ्याने लिहिलेली पायरी कोणत्या फायली वाचते व कोणत्या निर्माण करते, हे तिने यंत्रणेस सांगावे काय, आणि सांगितलेले खरे आहे किंवा नाही हे कोणी पाहावे, हे दोन प्रश्न प्रत्येक पिढीपुढे उभे राहिले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळाले. दुसऱ्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. त्या दुर्लक्षाची किंमत केवढी असू शकते हे २०२० व २०२४ या वर्षी उघडकीस आलेल्या दोन घटनांनी दाखवून दिले.

(२)

एप्रिल १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ ही आज्ञावली लिहिली. तिच्या जन्माचे निमित्त अगदी घरगुती स्वरूपाचे होते. त्याच प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी एका आज्ञावलीतील दोष शोधण्यात संपूर्ण सकाळ वाया घालविली होती. वस्तुतः तो दोष मूळ संहितेत आधीच दुरुस्त झालेला होता; ती फाईल पुन्हा कंपाइल करावयाची तेवढी राहून गेली होती आणि दर खेपेस जुनाच तुकडा जोडला जात होता. फेल्डमन यांनाही नुकताच तसाच अनुभव आला होता. प्रथम त्यांच्या मनात फायलींचे परस्परसंबंध आपोआप शोधून काढणाऱ्या एका मोठ्या साधनाची कल्पना होती. प्रत्यक्षात एका आठवड्याच्या अखेरीस जे उतरले ते त्याहून पुष्कळच साधे होते. हे साधेपण मेकच्या यशाचे कारण ठरले, आणि पुढील सर्व अडचणींचे मूळही त्यातच होते.

मेकच्या नियमाचे तीन घटक असतात. जी फाईल सिद्ध करावयाची ती ‘साध्य’, ती ज्या फायलींवर अवलंबून आहे ते ‘आधार’, आणि आधारापासून साध्य मिळविण्यासाठी चालवावयाच्या आज्ञा ही ‘कृती’. आधारांपैकी एखादा साध्याहून नवा असेल, अथवा साध्य अस्तित्वातच नसेल, तर कृती करावी. एरवी काही करू नये, एवढाच मेकचा सिद्धान्त. कृतीत काय लिहावे यावर बंधन नाही. युनिक्सच्या शेलला कळणारी कोणतीही आज्ञा तेथे चालते. कृती काय करते हे मेकला मुळीच समजत नाही. ती यशस्वी झाली की फसली एवढेच त्यास कळते. म्हणून मेकमधील प्रत्येक कृती ही तत्त्वतः स्वरचित पायरीच होय.

तथापि प्रत्येक फायलीसाठी निराळा नियम लिहिणे कंटाळवाणे असल्याने मेकमध्ये सामान्य नियमांचीही सोय होती. अमुक प्रत्ययाच्या नावाच्या फायलीपासून तमुक प्रत्ययाची फाईल कशी करावी हे एकदाच सांगितले की पुरे. सी भाषेसाठी व जॉन्सन यांच्याच ‘याक’ या साधनासाठी असे नियम मेकबरोबरच मिळत. याक हे व्याकरणाच्या नियमांवरून वाक्यविश्लेषक तयार करून देणारे साधन असल्यामुळे, व्याकरणाच्या फायलीपासून सी भाषेतील फाईल, तिच्यापासून यंत्रभाषेतील तुकडा, अशी दुहेरी साखळी मेकला प्रारंभापासून अवगत होती. ज्या साध्यासाठी स्वतंत्र कृती लिहिलेली असेल तेथे मात्र हा सामान्य नियम लागू होत नाही. व्याकरणशास्त्राच्या अभ्यासकास ही व्यवस्था परिचित वाटेल. उत्सर्ग सर्वत्र लागू, पण अपवाद जेथे सांगितला तेथे तो उत्सर्गास बाधतो, हे तत्त्व येथे जसेच्या तसे दिसते. स्वरचित पायरी ही या अर्थाने बांधणीच्या व्याकरणातील अपवाद होय.

याच काळातील आणखी एका तपशिलाचा उल्लेख करणे अवश्य आहे. मेकमध्ये कृतीची ओळ टॅबच्या चिन्हाने सुरू व्हावी लागते. त्या जागी मोकळ्या जागेची साधी चिन्हे असतील तर नियम मोडतो, आणि डोळ्यांना तर दोन्ही सारखीच दिसतात. फेल्डमन यांना ही चूक लवकरच जाणवली होती. परंतु तोवर मेक वापरणारी डझनभर माणसे झाली होती, त्यांतील बहुतेक त्यांचे स्नेही होते, आणि त्यांना त्रास नको म्हणून ती तशीच ठेवण्यात आली. डझनभर लोकांच्या सोयीसाठी राहिलेला तो टॅब पुढे सबंध जगाने सोसला.

(३)

मेकच्या नियमातील आधारांची यादी हे वापरणाऱ्याचे कथन असते. ते अपुरे असेल तर काय होते, हे देवनागरीशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या एका उदाहरणावरून स्पष्ट करता येईल.

डोनल्ड कनुथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी-यंत्रणेत देवनागरी छापता यावी म्हणून हॉलंडमधील ग्रोनिंगन विद्यापीठाच्या फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये एक टंक आणि ‘देवनाग’ नावाची पूर्वप्रक्रियक आज्ञावली सिद्ध केली. लेखकाने देवनागरी मजकूर रोमन लिपीतील ठरावीक संकेतांनी लिहावयाचा, ‘देवनाग’ने त्याचे टेकला समजेल अशा फायलीत रूपांतर करावयाचे, आणि नंतर टेकने पृष्ठे जुळवावयाची, असा तो क्रम होता. मधले रूपांतर हे कोणत्याही यंत्रणेस उपजत ठाऊक नसलेले काम. म्हणजेच स्वरचित पायरीचा शुद्ध नमुना. मेकमध्ये ती दोन ओळींत लिहिता येते. पहिल्या ओळीत सांगावयाचे की, टेकची फाईल संकेतबद्ध फायलीवर अवलंबून आहे. दुसऱ्या ओळीत, टॅब देऊन, ‘देवनाग’ चालवावयाची आज्ञा.

आता समजा, प्रबंधाची सर्व प्रकरणे बांधून झाली आणि त्यानंतर ‘देवनाग’ची सुधारलेली आवृत्ती संगणकावर बसविली. मेकला पुन्हा पाचारण केल्यास सर्व काही अद्ययावत असल्याचे उत्तर येईल. कारण संकेतबद्ध फायली बदललेल्या नाहीत, आणि रूपांतर करणारे साधन हाही एक आधार आहे हे नियमात कोणी लिहिलेले नाही. जुन्या आवृत्तीने चुकीचे जुळविलेले जोडाक्षर प्रबंधात तसेच राहील. जॉन्सन यांची सकाळ ज्या कारणाने वाया गेली तेच कारण येथे एक पायरी वर सरकून पुन्हा उभे राहते. तसेच, कृती अर्ध्यात बंद पडून साध्याची अपुरी फाईल मागे राहिली, तर तिचा काळ नवा असल्याने मेक तिला पूर्ण समजू शकते. म्हणून जाणकार लोक पायरीचे फलित प्रथम तात्पुरत्या नावाने लिहून, काम पूर्ण झाल्यावरच त्यास खरे नाव देतात. ही शिस्त यंत्रणेने लावलेली नव्हती. ती अनुभवाने आलेली होती.

२००४ मध्ये आलेल्या झीटेकसारख्या, युनिकोड थेट वाचणाऱ्या यंत्रणांमुळे देवनागरीसाठी ही मधली पायरी बहुतांशी अनावश्यक झाली. उदाहरणाचा बोध मात्र कायम राहतो. मोठ्या प्रकल्पात अशी अपुरी कथने शेकड्यांनी साचतात. पीटर मिलर यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात असे दाखवून दिले की, प्रत्येक उपविभागाची निराळी मेकफाईल ठेवून मेकनेच मेकला बोलाविण्याची जी रूढ पद्धत होती, तिच्यामुळे कोणत्याही एका मेकला सर्व परस्परसंबंध दिसतच नाहीत. मग बांधणी एक तर अपुरी होते किंवा खबरदारी म्हणून सर्वच पुन्हा केली जाते. दोष मेकचा नसून त्यास अपुरे सांगणाऱ्यांचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

(४)

इ. स. २००० च्या आसपास जावा भाषेच्या क्षेत्रात या प्रश्नास निराळे वळण लागले. सन कंपनीतील जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी टॉमकॅट या आज्ञावलीच्या बांधणीसाठी तयार केलेले ‘अँट’ हे साधन जुलै २००० मध्ये अपाची संस्थेतर्फे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. मेकच्या कृती शेलवर अवलंबून असल्याने निरनिराळ्या संगणकांवर त्या सारख्या चालत नसत. शिवाय टॅबचा जाच होताच. अँटमध्ये कृतींच्या जागी ‘टास्क’ आले. फाईल हलविणे, जावा कंपाइल करणे, पुरचुंडी बांधणे अशी ठरावीक क्रियापदे यंत्रणेने पुरवावयाची व वापरणाऱ्याने ती एक्सएमएल फायलीत मांडावयाची.

स्वरचित पायरीसाठी येथे दोन मार्ग होते. बाहेरची कोणतीही आज्ञा चालविणारे एक सर्वसाधारण टास्क होतेच. दुसरा, अधिक प्रशस्त मार्ग म्हणजे जावामध्ये एक वर्ग लिहावयाचा, त्यात काम करणारी एक क्रिया ठेवावयाची, टास्कच्या प्रत्येक गुणासाठी मूल्य स्वीकारणारी एकेक क्रिया द्यावयाची आणि त्या वर्गाला बांधणीच्या फायलीत नाव द्यावयाचे. त्यानंतर ते नाव मूळच्या क्रियापदांच्या पंक्तीत बसे. मेकच्या वापरणाऱ्याने वाक्ये लिहिली, तर अँटच्या वापरणाऱ्याने भाषेत नवे शब्द घातले, असे हे अंतर सांगता येईल. परंतु या लाभाबरोबर एक हानीही झाली. अँटमध्ये एका लक्ष्याचा दुसऱ्या लक्ष्याशी क्रम सांगता येई; कोणती फाईल कोणत्या फायलीपासून होते हे मात्र यंत्रणेच्या नियमात उरले नाही. पुन्हा काम करावयाचे की नाही हे ज्या त्या टास्कने आपल्यापुरते ठरवावयाचे. मेकमध्ये अपुरे का होईना, पण जे कथन उघड लिहिलेले असे, ते अँटमध्ये वर्गाच्या पोटात गेले.

ऑक्टोबर २००५ मध्ये आलेल्या ‘मेवन’च्या दुसऱ्या आवृत्तीने वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्यासच मर्यादा घातली. बांधणीच्या अवस्था व त्यांचा क्रम यंत्रणेने आधीच ठरविलेला; स्वरचित पायरी लिहावयाची तर स्वतंत्र प्लगिन तयार करून, ते यांपैकी कोणत्या अवस्थेत चालावे हे सांगावयाचे. एवढी शिस्त सर्वांना झेपली नाही. म्हणूनच की काय, मेवनच्या आत अँटची टास्के चालविणारे एक प्लगिनही उपलब्ध झाले आणि पुष्कळांनी त्याचा आश्रय घेतला. ज्या व्याकरणात अपवादास जागा ठेवलेली नसते, त्यात लोक दुसऱ्या व्याकरणाचीच वाक्ये आणून बसवितात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कथनाचा धागा याच सुमारास दुसऱ्या बाजूने जपला गेला. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ मध्ये तर ‘कस्टम बिल्ड स्टेप’ याच नावाचा तक्ता होता. आज्ञा, तिची फलिते व तिचे अधिक आधार असे रकाने त्यात भरावे लागत. बांधणीच्या आधी, जोडणीच्या आधी किंवा बांधणीनंतर चालणाऱ्या ‘घटना’ त्याहून निराळ्या. त्यांना फलिते व आधार नसतात. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या साहाय्याने चाललेल्या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रकल्पासाठी किटवेअर संस्थेने तयार केलेल्या ‘सीमेक’मध्येही हाच भेद आढळतो. फलिते व आधार सांगणारी स्वरचित आज्ञा निराळी, आणि काहीही न सांगणारे, म्हणून दर खेपेस चालणारे, स्वरचित लक्ष्य निराळे. जे सांगत नाही त्याच्यावर यंत्रणा विसंबत नाही, हा नियम येथे स्पष्टपणे प्रस्थापित झाला.

(५)

यापुढील पाऊल म्हणजे सांगितलेल्या कथनाची यंत्रणेने परीक्षा करणे. त्यासाठी प्रथम काळाच्या नोंदीवरचा विश्वास सोडावा लागला. पायथन भाषेवर आधारलेल्या ‘एसकॉन्स’ने फाईल नवी की जुनी याऐवजी तिचा आशय बदलला की नाही हे गणिती मुद्रेवरून पाहण्याची पद्धत रूढ केली. जून २०१२ मध्ये पहिली पक्की आवृत्ती प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेडल’ने ती पद्धत स्वरचित पायरीस लागू केली. ग्रेडलमध्ये स्वरचित टास्कचा वर्ग लिहिताना कोणता गुण आदान आहे, कोणता प्रदान आहे व कोणती क्रिया मुख्य आहे हे वर्गातच खुणा करून सांगतात. मागील खेपेपासून आदाने व प्रदाने बदललेली नसतील तर यंत्रणा ते टास्क वगळते. एकही प्रदान सांगितलेले नसेल तर ते दर वेळी चालविते. अँटमध्ये वर्गाच्या पोटात गेलेले कथन अशा रीतीने पुन्हा बाहेर आले.

तरीही सांगितलेल्याहून अधिक फायली एखाद्या पायरीने गुपचूप वाचल्या तर काय, हा प्रश्न शिल्लकच होता. गूगलने आपल्या अंतर्गत यंत्रणेवरून मार्च २०१५ मध्ये खुल्या केलेल्या ‘बॅझेल’ने त्याचे उत्तर सक्तीने दिले. स्वरचित पायरी एका बंदिस्त जागेत चालवावयाची आणि तेथे तिने सांगितलेले आधार तेवढेच ठेवावयाचे. न सांगितलेली फाईल प्रकल्पात असली तरी पायरीस ती सापडत नाही व बांधणी तेथेच अडते. साधी पायरी लिहिण्यासाठी जो सर्वसामान्य नियम आहे त्यात आदाने, प्रदाने व आज्ञा यांखेरीज आज्ञेसाठी लागणारी साधनेही सांगावी लागतात. ‘देवनाग’च्या उदाहरणात जे कथन राहून गेले होते ते येथे रकाना म्हणूनच उपस्थित आहे. अधिक गुंतागुंतीचे नियम ‘स्टारलार्क’ या भाषेत लिहितात. ही पायथनचीच एक मुद्दाम संकुचित केलेली उपभाषा असून तिच्यात स्वतःलाच पुनःपुन्हा बोलाविणारी क्रिया लिहिता येत नाही आणि अटीवर फिरत राहणारे आवर्तनही नाही. नियम लिहिणाऱ्याने स्वतः फायली वाचावयाच्या नाहीत. कोणत्या फायलींवर कोणती क्रिया व्हावी एवढेच निवेदन करावयाचे. चाळीस वर्षांत स्वरचित पायरी मोकळ्या आज्ञार्थातून नियंत्रित विधानार्थाकडे आली, असे या प्रवासाचे वर्णन करता येईल.

ही सक्ती अर्थात फुकट मिळत नाही. प्रत्येक आधार नावानिशी सांगण्याचा शीण मोठा आहे आणि लहान प्रकल्पास तो क्वचितच परवडतो. त्यामुळे मेकफाईल आजही मोठ्या प्रमाणावर लिहिली जाते, टॅबसहित.

(६)

आतापर्यंतचा विचार चुकीच्या बांधणीपुरता झाला. परंतु स्वरचित पायरीतून हेतुपुरस्सर अपायही करता येतो. या शक्यतेच्या मुळाशी असलेले तत्त्व १९८४ मध्येच सांगून झाले होते. मेक ज्या प्रयोगशाळेत जन्मले तेथीलच केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात असे दाखविले की, रूपांतर करणारा कंपायलरच दूषित असेल तर मूळ संहिता कितीही निर्दोष असली तरी सिद्ध झालेली आज्ञावली दूषित निघू शकते. संहिता वाचून संहितेबाहेरच्या गोष्टींची ग्वाही देता येत नाही, हे त्यांचे म्हणणे बरीच वर्षे तात्त्विक कुतूहलाचा विषय राहिले.

डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीच्या उत्पादनात शिरलेला अपाय उघडकीस आला. कंपनीच्या बांधणीच्या संगणकावर लपलेली एक आज्ञावली एमएसबिल्ड केव्हा सुरू होते यावर नजर ठेवीत होती. बांधणी चालू असतानाच ती मूळ संहितेतील एक फाईल बदली, आणि काम झाले की पूर्ववत करी. संहितेच्या भांडारात पाहणाऱ्यास काहीच वावगे दिसत नव्हते.

स्वरचित पायरीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद घटना २९ मार्च २०२४ रोजी प्रकट झाली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या संगणकावर दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. त्याचा माग काढीत ते ‘एक्सझेड’ या फायली संकुचित करणाऱ्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संग्रहापर्यंत पोहोचले. त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत गुप्त प्रवेशद्वार बसविलेले होते. ते कोठे होते हे पाहण्यासारखे आहे. सी भाषेतील मूळ संहिता वाचून त्याचा उलगडा होत नव्हता. अपायकारक भाग चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, वाचता न येणाऱ्या द्विमान फायलींत दडविलेला होता. आणि तो बाहेर काढून बांधणीत मिसळणारी आज्ञा एम४ भाषेतील एका बांधणीच्या फायलीत होती. तिचे हे बदललेले रूप सर्वांस दिसणाऱ्या भांडारात नव्हतेच. ते फक्त वितरणासाठी तयार केलेल्या पुरचुंडीत होते. बांधणीची पूर्वतयारी चालू असता ती फाईल मेकच्या नियमांत फेरफार करी आणि चाचणीच्या फायलींतून काढलेला तुकडा संग्रहाशी जोडला जाई.

या घटनेचे विवेचन बहुधा मानवी विश्वासघात म्हणून केले जाते, आणि ते योग्यच आहे; कारण हे कृत्य करणाऱ्याने सुमारे दोन वर्षे प्रकल्पात उपयुक्त काम करून अधिकार मिळविला होता. तथापि या लेखाच्या विषयापुरते पाहिले तर तो एका न सांगितलेल्या आधाराचा प्रश्न होता. संग्रह सिद्ध करणाऱ्या पायरीने चाचणीच्या फायली वाचण्याचे काहीच कारण नव्हते, आणि ती त्या वाचते असे कोठेही लिहिलेले नव्हते. १९७६ मध्ये अपुऱ्या कथनामुळे एका सज्जनाची सकाळ वाया गेली. २०२४ मध्ये तशाच अपुऱ्या कथनाच्या आडून असंख्य संगणकांची दारे उघडली जाण्याची वेळ आली होती.

बंदिस्त जागेत चालणाऱ्या पायऱ्यांनी हा धोका संपतो असे मानणे भाबडेपणाचे होईल. दुष्ट हेतूचा मनुष्य चाचणीची फाईलही आधारांच्या यादीत लिहू शकतो. परंतु मग त्यास ती लिहावी लागते. आणि जे लिहिले ते कोणाच्या तरी वाचनात येऊ शकते. २०१३ पासून डेबियन प्रकल्पात जोमाने सुरू झालेल्या पुनरुत्पादक बांधणीच्या चळवळीचाही हाच आशय आहे. सारख्या आधारांपासून कोणीही, कोठेही बांधणी केली तरी बिटाबिटाने सारखेच फलित यावे, म्हणजे न सांगितलेले जे काही असेल ते फरकाच्या रूपाने समोर येईल.

(७)

बांधणीच्या पायऱ्या आजवर संहितेच्या पायरीखालचे लेखन मानल्या गेल्या. मूळ संहितेतील एकेक ओळ दोघातिघांच्या नजरेखालून जाते. तिला आकार देणारी बांधणीची फाईल मात्र चालते आहे ना, एवढ्यावरच मान्य होते. एक्सझेडच्या प्रकरणात हल्लेखोराने हीच न वाचली जाणारी जागा निवडली, हे योगायोगाने घडलेले नाही. जे लेखन वाचण्याची परंपरा नाही तेथे काहीही लिहिता येते.

मेकपासून बॅझेलपर्यंतच्या इतिहासाचा निष्कर्ष यावरून असा निघतो की, स्वरचित पायरीचे मोल तिच्या सामर्थ्यापेक्षा तिच्या कथनाच्या पूर्णतेवर ठरते. ती काय घेते, काय देते व कोणत्या साधनाने देते, एवढे तिने सांगितले तर यंत्रणेस ती तपासता येते आणि माणसास वाचता येते. यंत्रणांनी यातील पहिला अर्धा भाग बऱ्याच प्रमाणात साध्य केला आहे. दुसरा अर्धा भाग कोणतीही यंत्रणा करून देणार नाही. एक्सझेडमधील ती एम४ फाईल वितरणाच्या पुरचुंडीत कित्येक आठवडे सर्वांच्या हाती होती. ती उघडून पाहण्याचे कारण मिळण्यास अर्ध्या सेकंदाचा विलंब एका चौकस माणसास खटकावा लागला.